सकाळच्या दिनचर्येत कास्तकाराची रात्रही धरावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून आयुर्वेदानुसार सकाळ कशी घालवावी याविषयीचे लेख येऊ लागतात, आणि आपल्या दैनिकातही ते आवर्जून येतात. ब्राह्ममुहूर्तावर उठावे, तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यावे, मग कोमट पाण्यातून मध आणि लिंबू घ्यावे, तेलाच्या गुळण्या कराव्यात, सर्वांगाला तेल लावून व्यायाम करावा आणि नंतर स्नान करावे, असा त्यांचा साधारण क्रम असतो. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात आयुर्वेदाची चिकित्सा करते. माझ्याकडे येणारे कास्तकार, शेतमजूर आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया हे लेख वाचतात, कात्रण घडी करून सोबत आणतात आणि यातले आपल्याला काय जमेल असे विचारतात. त्यांना उत्तर देताना जे प्रत्येक वेळी सांगावे लागते ते आपल्या वाचकांपुढे एकदा सविस्तर मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा मुद्दा असा की, ग्रंथांत दिनचर्या सांगताना माणसाचे बळ, चालू ऋतू, आदल्या रात्रीच्या जेवणाचे पचन आणि रात्री मिळालेली झोप या चार गोष्टी आधी पाहिलेल्या आहेत. लेखांमध्ये मात्र नेमका हाच भाग गळतो आणि उरतो तो फक्त कृतींचा क्रम. शहरातल्या, बैठे काम करणाऱ्या वाचकाचे त्यामुळे फारसे बिघडत नसेल. विदर्भातल्या खेड्यात, जिथे माणूस वर्षातले कित्येक महिने शरीरकष्टावर जगतो, तिथे तो गळलेला भाग हाच महत्त्वाचा आहे.

उठण्याच्या वेळेपासून सुरुवात करते. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सूत्रस्थानाचा, म्हणजे त्याच्या पहिल्या भागाचा, दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे आणि त्याचा आरंभच ब्राह्ममुहूर्तावर उठण्याने होतो. परंतु तिथे हा नियम निरोगी माणसासाठी, आयुष्याच्या रक्षणासाठी म्हणून सांगितला आहे, आजारी, थकलेल्या किंवा रात्रभर जागलेल्या माणसासाठी नव्हे. रात्रीच्या चौदाव्या मुहूर्ताला ब्राह्ममुहूर्त म्हणतात. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा धरला तर सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा हा काळ होतो. आपल्या नागपूर-वर्धा भागात जूनमध्ये सूर्य साधारण साडेपाचला उगवतो, तर जानेवारीत पावणेसात उलटून गेल्यावर. म्हणजे जूनमध्ये ही वेळ पहाटे चारच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास. वर्षभर घड्याळात चारचा गजर लावून उठण्याचा जो आग्रह धरला जातो, त्याला या गणितात आधार सापडत नाही. शिवाय अंथरुणातून उठताना रात्रीचे अन्न पचले की नाही याचा विचार करावा, असे ग्रंथकारांनीच सांगितले आहे. ढेकर शुद्ध आहे का, पोट हलके आहे का, अंग जड वाटते का, हे पाहून मग पुढचा दिवस ठरवायचा. रात्री दहा-साडेदहाला जेवून पहाटे चारला उठणाऱ्याचे अन्न पचलेलेच नसते.

आता ओलिताचा, म्हणजे पिकाला पाणी देण्याचा विषय. हरभरा आणि गहू उभा असतो तेव्हा आमच्या शिवारात ज्यांच्या वाट्याला त्या आठवड्यात रात्रीची लाइन, म्हणजे शेतीपंपाची वीज येते, ते रात्री दहा-अकराला वावरात जातात. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत, बॅटरीच्या उजेडात साप-विंचवाचे भान ठेवत, ओल्या गार मातीत अनवाणी किंवा चप्पल हातात घेऊन ते पहाटेपर्यंत उभे असतात. ज्यांचे वावर जंगलाला लागून आहे ते रानडुकरांपासून पीक वाचवायला जागलीला असतात. हा माणूस पाच वाजता घरी येतो आणि सहाला त्याने सूर्यनमस्कार घालावेत अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. आणि हे केवळ माझे मत नाही, ग्रंथाचेही मत आहे. त्याच अष्टांगहृदयाच्या सातव्या अध्यायात निद्रेचा विचार आहे. ज्याला जागरणाची सवय नाही अशा माणसाला रात्री जागावे लागले, तर जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ त्याने सकाळी, काही न खाता झोपावे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. सहा तासांचे जागरण झाले असेल तर तीन तासांची झोप, तीही जेवणाआधी. रात्रीचे जागरण शरीरात रूक्षता आणते आणि भरल्या पोटी दिवसा झोपणे अन्नाच्या पचनाला बाधक ठरते, असा यामागचा विचार आहे.

ही एक ओळ आमच्या गावांतल्या किती घरांना उपयोगी पडेल याचा विचार करावा. ओलिताहून आलेला माणूस आज बहुधा काय करतो? चहा पितो, भाकर-भाजी पोटभर खातो आणि मग झोपतो; किंवा झोपतच नाही, कारण सकाळची झोप हा आळस असे घरात आणि गावात मानले जाते. वडीलधारी माणसे त्याला उठवतात. दुपारी तो धुऱ्यावर डुलक्या घेतो आणि संध्याकाळी पुन्हा लाइनची वाट पाहतो. ग्रंथाच्या आधाराने त्याला सांगता येईल की, बाबा, घरी आल्यावर गरम पाण्याने हातपाय धू, तळपायांना तेल चोळ, तहान लागली असेल तर पाणी पी आणि काही न खाता आधी झोप. उठल्यावर तुझी दिनचर्या सुरू होईल. ज्यांना मधुमेह आहे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र उपाशी झोपण्याचा हा नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये.

या संदर्भात वृत्तपत्राने आरोग्याच्या पानावरून एक प्रश्न सतत विचारला पाहिजे. शेतीला दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या गावांत दिवसाची लाइन खरोखर आली आणि कोणत्या गावांत अजून रात्रीच वाफे भरावे लागतात, याची माहिती छापली गेली तर तीही आरोग्याचीच बातमी ठरेल. माणूस रात्री झोपू शकला तरच पहाटे उठू शकेल.

स्त्रियांच्या सकाळीविषयी लिहिणे मला अधिक आवश्यक वाटते, कारण दिनचर्येच्या लेखांतल्या उपदेशाचा बोजाही शेवटी त्यांच्याच अंगावर पडतो. घरातल्या पुरुषाने सकाळी काढा घ्यायचे ठरवले तर तो उकळायला उठणारी बाईच असते. कापूस वेचणीच्या दिवसांत ती साडेचार-पाचला उठते, अंगण झाडून सडा टाकते, पाणी भरते, चूल पेटवते, सर्वांच्या भाकरी आणि शिदोरी करते, मुलांना शाळेसाठी तयार करते आणि कोऱ्या चहाच्या एका कपावर आठच्या आत वेचणीला निघते. ब्राह्ममुहूर्ताचे महत्त्व तिला कोणी सांगण्याची गरज नाही. तिच्या सकाळी दोन गोष्टींची उणीव असते: पोटात अन्न नसते आणि मलमूत्राच्या वेगासाठी निवांत वेळ नसतो.

वेगांविषयी आयुर्वेदाचे मत फार ठाम आहे. आलेले वेग बळाने अडवल्याने आणि न आलेले बळाने काढल्याने सर्व रोग उत्पन्न होतात, इतके व्यापक विधान वाग्भटाने केले आहे. माझ्याकडे मूत्रमार्गाच्या जळजळीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांना मी पहिला प्रश्न हाच विचारते की, वावरात लघवीला जाता का? बहुतेकींचे उत्तर नाही असे असते. आडोसा नसतो, पुरुष मजूर जवळ असतात, टोळीची मुकादम बोलते, म्हणून त्या सकाळपासून पाणीच कमी पितात. अशा स्त्रीला सकाळी उठून तांब्याभर पाणी प्या असे सांगणे वरवर बरोबर आहे, पण वावराच्या धुऱ्यावर चार बांबू आणि जुन्या साडीचा आडोसा उभा केल्याशिवाय ती ते पिणार नाही. हा आडोसा वावराच्या मालकाने करून द्यावा. त्याला खर्च जवळजवळ नाही. घरात शौचालय आहे पण पाणी नाही म्हणून ते गोवऱ्या ठेवण्याच्या कामाला लागले आहे, अशीही घरे आहेत, आणि तिथल्या स्त्रिया उजाडण्यापूर्वी बाहेर जाता यावे यासाठी पहाटे उठतात. पहाटे उठण्यामागचे हे कारण दूर झाले पाहिजे.

यापुढचा विषय दात घासण्याचा. याला अधिक जागा देते, कारण विदर्भातली सकाळ सर्वांत जास्त इथेच बिघडलेली आहे. ग्रंथांतले दंतधावनाचे वर्णन आमच्या माणसाला परके वाटत नाही, कारण त्यातली झाडे आमच्याच धुऱ्यावरची आहेत. कडू झाडांत कडुनिंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज आणि गोड चवीच्या झाडांत मोह श्रेष्ठ, असे सुश्रुताने सांगितले आहे. गोंदिया-गडचिरोलीच्या माणसाला मोह आणि खैर ओळखायला शिकवावे लागत नाही. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड, सरळ आणि गाठी नसलेली घ्यायची. तिचे एक टोक दाताखाली चावून त्याचा मऊ कुंचला करायचा आणि हिरड्यांना इजा होऊ न देता एकेक दात घासायचा. हिरड्यांची ही काळजी ग्रंथात मुद्दाम सांगितलेली आहे. आमच्याकडे काडी बहुधा आडवी आणि जोर लावून ओढली जाते, किंवा चुलीतली राख आणि कोळसा बोटाने रगडला जातो. त्याने दातांवरचे कवच झिजते आणि मग थंड पाणी लागू लागते. काडी मिळत नसेल त्यांनी साधा मऊ ब्रश वापरावा, त्यात आयुर्वेदाच्या विरुद्ध काही नाही. ज्याला ताप, दमा, खोकला, उलट्या, तोंड येणे किंवा तोंड वाकडे होणे असा त्रास आहे त्याने काडीने दात घासू नयेत, हाही नियम तिथेच आहे. त्याने चूळ भरून तोंड स्वच्छ ठेवावे.

पण काडी आणि ब्रश यांच्या आधी आमच्या गावांत तंबाखू तोंडात जाते. वयस्क स्त्रिया मिश्री किंवा गुडाखू हिरड्यांवर चोळत चुलीपुढे बसतात, आणि पुरुष व तरुण मुले खर्रा तोंडात धरून शौचाला जातात. खर्ऱ्यासाठी सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत टाकून तळहाताने घोट-घोट घोटतात आणि ती पुडी खिशात घालून दिवस सुरू होतो. खर्रा घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे मला रोज ऐकावे लागते. तंबाखूतल्या निकोटिनने आतड्यांना चालना मिळते हे खरे आहे, म्हणून तर ही सवय सुटत नाही. पण शरीराला शौचाची स्वाभाविक प्रेरणा उरू नये इतके ते तंबाखूवर अवलंबून होत जाते. ग्रंथाने न आलेला वेग बळाने काढू नये म्हटले आहे त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. सुपारीमुळे गालांच्या आतली त्वचा ताठर होत जाते. आधी तिखट लागते, मग तोंड पूर्ण उघडत नाही. आपल्या हाताची तीन बोटे उभी जोडून तोंडात जातात का, हे प्रत्येक खर्रा खाणाऱ्याने आजच पाहावे, आणि जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडे जाण्यास उशीर करू नये, कारण पुढे यातूनच तोंडाचा कर्करोग होऊ शकतो.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास देशात १९९२ पासून बंदी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तिपथ अभियान गावागावांत दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करत आहे. इतके असूनही दात घासण्याच्या नावाने तंबाखू विकली जाते आणि सकाळी सकाळी आजीच्या बोटाला लागलेली मिश्री नातवाच्या तोंडापर्यंत पोचते. पोट साफ होण्यासाठी ज्यांना खर्रा लागतो त्यांना मी रात्रीचे जेवण तासभर अलीकडे आणायला, जेवणात पालेभाजी आणि ज्वारीची भाकर ठेवायला, सकाळी कोमट पाणी पिऊन दहा मिनिटे उकिडवे बसायला आणि रोज एकाच वेळी शौचाला जायला सांगते. सुरुवातीचे काही दिवस त्रास होतो, चिडचिड होते. बहुतेकांचे पोट तंबाखूशिवायही काही आठवड्यांत मार्गी लागते. ज्यांना हे जमत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती समुपदेशनाचा आधार घ्यावा.

सकाळच्या पाण्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. उषःपानाचे, म्हणजे पहाटे उठताच पाणी पिण्याचे वर्णन भावप्रकाशासारख्या नंतरच्या ग्रंथांत आहे. वाग्भटाने मात्र शरद आणि ग्रीष्म हे ऋतू सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेताने प्यावे असे म्हटले आहे. तेव्हा थंडीत तहान नसताना लिटरभर पाणी घशाखाली उतरवण्याची सक्ती कोणी स्वतःवर करून घेऊ नये, आणि उन्हाळ्यात पाणी पिण्यात कुचराई करू नये. दुसरी गोष्ट आपल्या भूमीची. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे, आणि यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तेव्हाही दीडच्या पुढे जाऊ नये, असे भारतीय मानक आहे. पाणी उकळल्याने किंवा रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवल्याने ना खारेपणा कमी होतो ना फ्लोराइड. या गावांतल्या वाचकांना सकाळी भरपूर पाणी प्या असे सांगण्यापूर्वी कोणत्या हातपंपाचे पाणी, हे विचारायला हवे, आणि ग्रामपंचायतीने पाणी तपासणीचा अहवाल फलकावर लावायला हवा.

कोमट पाण्यातल्या मधाचा प्रघात आयुर्वेदाच्या नावाने इतका रूढ झाला आहे की, त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. मध गरम करून, गरम पदार्थांसोबत, किंवा उन्हाने तापलेल्या माणसाने उष्ण काळात घेऊ नये, असा निषेध अष्टांगहृदयातच आहे. कोमट पाण्यातला मध प्याल्याने कोणी दगावते असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या शास्त्राने जे नको म्हटले तेच त्या शास्त्राच्या नावाने छापले जाऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. मेळघाटातला चांगला मध घरात असेल तर तो साध्या पाण्यातून घ्यावा.

व्यायामाबद्दल थोडक्यात. अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, तोही बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने, थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत अगदी हलका करावा आणि ग्रीष्मात तो टाळावा, असा ग्रंथाचा दंडक आहे. डवरणी, निंदण, फवारणी, पोती उचलणे यांत ज्याचा दिवस जातो त्याची अर्धी शक्ती सकाळी दहाच्या आत खर्च झालेली असते. त्याला पाठ, मांड्या आणि खांदे सैल करणाऱ्या पाच-दहा मिनिटांच्या हालचाली पुरे आहेत. उलट गावातले शिक्षक, दुकानदार, कार्यालयांत बसणारे आणि मोटारसायकलवर फिरणारे यांना मात्र रोज घाम येईपर्यंत चालण्याची गरज आहे, आणि गावात राहतो म्हणून आपले कष्ट आपोआप होतात हा त्यांचा समज सोडला पाहिजे.

तेलाचेही तसेच. रोज सर्वांगाला तेल लावायला सवड आणि पैसा सर्वांकडे नसतो, पण डोके, कान आणि पाय या तीन ठिकाणी ते विशेष लावावे असे ग्रंथात आहे, आणि काळ्या मातीत उलणाऱ्या टाचांना याचा गुण लवकर येतो. तिळाचे तेल उत्तम. पूर्व विदर्भात मोहाच्या बियांचे तेल अंगाला लावतात, तेही चालते. अंगात ताप, सर्दी-कफ किंवा अपचन असताना तेल लावू नये. कानाला तेल लावणे म्हणजे फुटलेल्या, पू येणाऱ्या कानात तेल ओतणे नव्हे, आणि तान्ह्या मुलांच्या नाका-कानात तर ते मुळीच घालू नये. अंजन, नस्य (नाकात औषध घालणे) आणि औषधी धूम्रपान या दिनचर्येतल्या गोष्टी लेख वाचून करण्यासारख्या नाहीत. त्या वैद्याला विचारूनच कराव्यात. स्नानासाठी गरम पाणी अंगावर बळ देणारे आहे, डोक्यावर ते घेऊ नये. मात्र ज्या दिवशी फवारणी असेल त्या दिवशी स्नान सकाळी झाले असले तरी काम संपताच साबणाने पुन्हा केले पाहिजे आणि ते कपडे वेगळे धुतले पाहिजेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते दिवस आपल्या वाचकांच्या स्मरणात असतील.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी वेगळे सांगायला हवे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. अंगातले पाणी कमी होणे, एकाएकी थंडी लागणे आणि अतिश्रम यांनी या रुग्णांना असह्य वेदना सुरू होतात. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, उपाशीपोटी धावणे आणि पाणी बेताने पिणे हे तिन्ही त्यांच्यासाठी घातक आहे. वर सांगितलेला पाण्याचा नियम त्यांना लागू नाही. त्यांनी उठल्यापासून थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कोणत्याही दिनचर्येसाठी थांबवू नयेत.

सकाळच्या खाण्याचा विषय खरे तर सर्वांत सोपा आहे. हेमंतात रात्री मोठ्या असल्याने माणसाला सकाळीच भूक लागते, असे वाग्भट म्हणतो. आपल्याकडे डिसेंबरची रात्र तेरा तासांची असते आणि नेमक्या त्याच दिवसांत कापूस वेचणी आणि तुरीची सोंगणी चालते. या दिवसांत न्याहारी न करता वावरात जाणे शास्त्राला धरून नाही. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, त्यावर थोडे तेल, गूळ आणि शेंगदाणे एवढे घरात असतेच; बाईने ते सर्वांची शिदोरी बांधण्याआधी स्वतः खावे, आणि घरच्यांनी तसे तिला खाऊ द्यावे. तालुक्याच्या चौकातले तर्री-पोहे आणि आलुबोंडा ही रोजची न्याहारी होऊ नये. उन्हाळ्यात गोष्ट बदलते. टिनाच्या घरात मध्यरात्रीपर्यंत उकाडा असतो, झोप उशिरा लागते आणि रात्र लहान असते. म्हणूनच ग्रीष्मात दुपारी थोडे झोपण्याची मुभा ग्रंथाने दिली आहे. पारा ४५ अंशांपुढे जातो त्या दिवसांत सकाळी लवकर काम आटोपून साडेदहाच्या आत सावलीत यावे. साखर घालून सातू खावा असे ग्रीष्मऋतूच्या वर्णनात आहे, आणि सातूचे पीठ आमच्या घरांत आजही अक्षय्यतृतीयेच्या सुमारास होते. ते गूळ आणि पाण्यात कालवून सकाळी घेतले, किंवा ज्वारीची आंबील घेतली, तर दुसऱ्या कोणत्या पेयाची गरज नाही.

गुरुकुंज मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भातल्या गावांना पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि रामधून दिली, आणि ती पाळणारी गावे अजून आहेत. पहाट एकट्या माणसाच्या निश्चयावर टिकत नाही हे त्यांनी ओळखले होते. ज्या गावात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालू असतो तिथे कोणाचीही दिनचर्या सुधारणार नाही, आणि तो बंद करणे हे ग्रामसभेच्या हातात आहे.

आपल्याकडे माझी मागणी तीन गोष्टींची आहे. आयुर्वेदावरचे लेख छापताना ते कोणत्या ऋतूसाठी आणि कोणत्या कामाच्या माणसासाठी आहेत हे लेखाच्या माथ्यावर द्यावे. दंतमंजन आणि पोट साफ करणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती त्याच पानावर, लेखाला लागून छापू नयेत, कारण आमच्या भागातला वाचक दोन्हींना एकाच वैद्याचा सल्ला समजतो. आणि पेरणी, वेचणी, ओलीत व उन्हाळा अशा चार काळांसाठी चार स्वतंत्र लेख प्रसिद्ध करावेत. पेरणीचा लेख मृग लागण्याच्या पंधरा दिवस आधी वाचकांच्या हाती पडला तर उपयोगी ठरेल. तो लिहून देण्याची माझी तयारी आहे. शब्दमर्यादा आणि मजकूर पाठवण्याची अखेरची तारीख तेवढी कळवावी.

आपली,
एक वाचक वैद्य,
जि. वर्धा